दोन टक्के

महापेच्या लॅबमध्ये माझी रात्रपाळी.
थुंकीच्या नळ्या येतात कुरिअरने
कुठून कुठून: जळगाव, पणजी, खारघर सेक्टर वीस.
मी त्यांना नंबर देते, फिरवते, गोठवते,
आणि तीन आठवड्यांनी मशीन सांगतं
कुणाच्या रक्तात कोण कोण उतरलंय.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असते.
नियँडरथल: दोन टक्के. कधी एक पूर्णांक नऊ.
परवा खारघरच्या गृहस्थांचा फोन,
"मॅडम, तेवढे दोन टक्के काढून देता येतील का?
मुलीचं बघतोय यंदा."

बाबांचीही नळी भरून घेतली मी.
अर्धा तास तंबाखू बंद म्हटल्यावर
हिराजी केणी, राहणार घणसोली गाव,
भिंतीवरच्या घड्याळाशी भांडत बसले
आणि मग थुंकले,
चाळीस वर्षं तोंडात धरून ठेवल्यासारखे.

रिपोर्ट आला त्या रात्री चिंबोऱ्यांचं कालवण होतं.
मी सांगितलं:
रुंद नाकाची, आखूड पायांची माणसं.
आपण पोचायच्या आधीपासून तिथली.
मोडक्या हाताच्या म्हाताऱ्याला सांभाळणारी.
मग आपण गेलो, सडपातळ, बडबडे, येतच राहिलो.
काही हजार वर्षं शेजार झाला.
मग ती दिसेनाशी झाली.

बाबांनी नांगी फोडली, चोखली, ताटाच्या कडेला ठेवली.
"मंग तेंना किती देलं?"
दोन टक्के.
"आमाला साडेबारा कबूल केलं व्हतं.
कापून कापून हातान आलं पावणेनऊ."
पुन्हा एक नांगी.
"लगीन लावलं का जबरदस्ती?"
हाडांवरून तेवढं कळत नाही, बाबा.
"आन सातबाऱ्यावर नाव कोनाचं?"
मी हसले. ते हसले नाहीत.

आमच्या खाचरावर आता डेटा सेंटर आहे.
खिडक्या नसलेली इमारत,
आत कुणाकुणाच्या आठवणी थंड ठेवतात.
रात्री तिची घरघर ऐकू येते.
आम्ही उरलेल्या तुकड्यावर चार मजले चढवले,
गरजेपोटी, असं सरकारी भाषेत म्हणतात,
आणि भाडेकरू आले. येतच राहिले.
दुसऱ्या मजल्यावर बालासोरचा प्रीतीश बेहेरा,
पाणी किती वाजता येतं विचारायला खाली आला
आणि महिनाभर तेच विचारत राहिला.
बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.
हाडांवरून हेही कळणार नाही कुणाला.

रिमली सहा वर्षांची. शाळेत इंग्रजी, जिन्यात हिंदी,
बापाशी थोडं ओडिया, माझ्याशी पुस्तकातलं मराठी.
आजोबांची बोली तिला कळते, पाऊस कळतो तशी;
बोलत नाही.
पण दोघं पहाटे साडेतीनला जागी होतात.
बाबा भरतीच्या हिशेबाने, जाळं विकून वीस वर्षं झाली तरी.
तिचा हिशेब कुठला, कोण जाणे.
लवकर जाग येणं त्या लोकांकडून आलं असावं,
असं कुठेतरी वाचलं होतं मी.
बाबांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते,
उपाशी मानूस लवकर उठतं.

रविवारी खाडीवर गेलो, सुकतीला.
तिवरांच्या मुळांत प्लास्टिक, गणपतीचा एक लाकडी पाट,
पलीकडे ऐरोलीचा पूल, त्यावर चमकत्या गाड्या.
बाबा बांधावर उभे, हात मागे,
आपण इथे पाहुणे असल्यासारखे.

चिखलात काहीतरी उडालं.
डोळे वर काढलेलं, कल्ल्यांवर चालणारं,
धड मासा नाही, धड बेडूक नाही.
आणि रिमली ओरडली, "निवटी! ती बग निवटी!"
तो ट, तो बग,
तो शेवटी वर जाणारा हेल.
मी तिला शिकवला नव्हता. माझ्याकडे उरलाच नव्हता तो.

बाबांनी चपला काढल्या,
एकात एक घालून बांधावर ठेवल्या
आणि पोटरीभर चिखलात उतरले.